विमानात न बसलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि मी विमानात बसले नाही. यापुढेही बसणार नाही.

मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा रडत सुरुवात करतात. छत्री रडते, फळा रडतो, फाटकं पुस्तक तर पहिल्याच ओळीत नाक पुसायला लागतं. मला ते जमत नाही. माझ्यात पाणीच नाही, तेल आहे.

मी साधीसुधी खुर्ची नव्हे. मी कटिंग सलूनची खुर्ची आहे. मला चार पाय नाहीत, एकच आहे. पण तो ओतीव लोखंडाचा आहे आणि चौघांना भारी आहे. मी गोल फिरते. मी मागे रेलते. मान टेकायला माझ्याकडे वेगळी उशी आहे. आणि खालची दांडी पायाने दाबली की मी बसलेल्या माणसासकट वीतभर वर जाते. म्हणजे उडण्याचा अनुभव मलाही आहे. फरक एवढाच की माझ्यावरून उडालेल्या एकाही माणसाचं सामान आजवर हरवलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाच साच्यातून आम्ही दोघी निघालो, मी आणि माझी जुळी बहीण. ज्या कारागिराने माझे शेवटचे स्क्रू आवळले, तो 'जरा बघू तरी' म्हणून माझ्यावर बसला आणि तिथेच घोरायला लागला. मुकादमाने आधी त्याला झापलं आणि मग मला पास केलं. पुढे मला पुष्कळांनी नावाजलं, पण त्या घोरण्याची सर कशालाच आली नाही.

आम्ही दोघी आलो ते थेट दोन भावांच्या दुकानात. लांबच लांब आरसा, त्यासमोर आम्ही शेजारी शेजारी. बहिणीवर थोरले मास्तर काम करायचे, माझ्यावर धाकटे मास्तर. थोरले कात्री चालवताना तोंड उघडत नसत. धाकटे तोंड चालवताना मध्येच कात्री उघडत. दुकान दोघांचं मिळून व्यवस्थित चालायचं.

आता एक गोष्ट लक्ष देऊन ऐका. जगातल्या कुठल्याही कारागिराला स्वतःचं काम स्वतः करता येतं. शिंपी स्वतःचा सदरा शिवतो, चांभार स्वतःच्या चपला शिवतो. केस कापणाऱ्याला मात्र स्वतःचे केस कापता येत नाहीत. म्हणून दर सोमवारी, दुकान बंद असताना, हे दोघे भाऊ शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि एकमेकांचे केस कापायचे. आधी थोरले माझ्यावर बसायचे. मग धाकटे माझ्या बहिणीवर. त्या दोन डोक्यांना तिसऱ्या माणसाचा हात कधी लागला नाही.

"दादा, मागे पातळ होतंय बरं का."

"तू मागचं बघू नकोस. काप."

"बघितलं नाही तर कापू कसं?"

"आजवर कापतोयस तसंच."

हे संभाषण दर सोमवारी व्हायचं. शब्दही तेच. मला वाटतं, एखाद्या सोमवारी ते झालं नसतं तर केस वाढलेच नसते.

माझ्यात एक खोड आहे. कुठेतरी आत तेल झिरपतं, त्यामुळे माझ्यावर बसलेला माणूस हळूहळू खाली येतो. कितीतरी बड्या लोकांना मी असं न बोलता जमिनीवर आणलंय. थोरले मास्तर बसले की दाढी होईपर्यंत त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. मग धाकटे दांडीवर पाय मारून त्यांना परत वर चढवायचे. दोघे हसायचे. खोड दुरुस्त करायची गोष्ट दोघांपैकी कुणीही कधी काढली नाही.

मग थोरल्या मास्तरांचे हात थकले. त्यांचा मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. माझ्या बहिणीला भंगारवाल्याने उचललं. मी ते आरशात बघितलं. आरशात ती डाव्या हाताला गेली. मागे वळून बघणाऱ्याला ती उजव्या हाताला गेली होती. आयुष्यभर आरशासमोर काढलेल्यांचं असं होतं, मित्रांनो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बहीण गेल्यावर सोमवार बंद झाले. धाकट्या मास्तरांनी केस कापणं सोडलं. म्हणजे लोकांचे कापत होते, स्वतःचे वाढवत होते. केस खांद्यावर आले. दाढी छातीवर आली. गिऱ्हाइकं आत यायची, मास्तरांना बघायची आणि चुकीच्या दुकानात शिरलो की काय म्हणून बाहेर जाऊन पाटी वाचून परत यायची.

"मास्तर," शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "तुमच्याकडे बघून केस कापून घ्यायला धीर होत नाही हो. दंतवैद्याच्या तोंडात एकही दात नसावा तसं वाटतं."

"माझा कारागीर बाहेरगावी गेलाय," मास्तर म्हणाले.

तिकडे थोरल्यांचंही तेच. त्यात ते न्हाणीघरात घसरले आणि मान दुखावली. मान हळूहळू बरी झाली, पण ते पलंग सोडेनात. डॉक्टर म्हणाले, रोज खाली उतरून चालायलाच हवं, नाहीतर पाय कायमचे जातील. थोरले म्हणाले, "या अवतारात मी चार लोकांत जाऊ? आयुष्यभर लोकांना माणसात आणलं मी!" घरी दोन कारागीर बोलावले. एकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं, कारण तो कात्री चिमट्यासारखी धरत होता. दुसऱ्याने आल्या आल्या मशीन बाहेर काढलं. त्याला काय ऐकून घ्यावं लागलं ते मी तुमच्यासमोर सांगणार नाही.

शेवटी धाकट्यांनी फोन केला. फोन स्पीकरवर होता, माझ्या हातावर ठेवलेला.

"दादा, मी येतो तुझे केस कापायला."

"खुर्ची आणतोस?"

"खुर्ची? ती कशी आणणार?"

"मग नुसता तू येऊन काय करणार? घरातल्या खुर्चीला पाठ आहे, मानेला काही नाही. माझी मान काय खिडकीत ठेवू? राहू दे. ठेवतो."

त्या दिवसानंतर थोरले फोनवर यायचेच बंद झाले.

मग दुकानात घरच्यांची बैठक बसली. धाकट्या मास्तरांना दोन मुलं. मुलगा विमानतळावर लोकांच्या बॅगा तोलतो. स्वभाव चांगला आहे, पण कुणी बाळ हातात दिलं तरी तो आधी वजन सांगतो. आणि लेक शाळेची बस चालवते. तिच्यासमोर मोठी माणसंही आपोआप हात आत घेऊन बसतात.

"बाबा, मी तिकिटं बघितलीत," मुलगा म्हणाला. "विमानाने दुपारी निघाल, संध्याकाळी मोठ्या काकांच्या घरी चहा. यात विचार कसला करायचा?"

"खुर्ची विमानात बसेल?"

"बाबा, खुर्ची विमानात बसत नाही. विमानात खुर्च्या असतात."

"रेलतात?"

"थोड्या रेलतात."

"थोड्या." मास्तरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "मानेला उशी?"

"विकत मिळते."

"वर-खाली होतात?"

"अहो, विमानच होतं वर-खाली!"

"पाय मारून?"

मुलाने कपाळावर हात मारला. मग त्याने खरी गोष्ट काढली. दुकानाची जागा महिनाअखेर सोडायची होती. भंगारवाल्याशी तो बोलूनही आला होता. खुर्ची शनिवारी उचलायची. हे सगळं तो माझ्याच पाठीला टेकून सांगत होता.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. माझ्या अंगावर काटा येत नाही. पण त्या क्षणी माझ्यातलं होतं नव्हतं तेवढं तेल घट्ट झालं आणि मी मनाशी ठरवलं: मी भंगारात जाणार नाही. मी थोरल्या मास्तरांची मान ओळखते. माझ्या उशीवर तिचा खळगा आहे. त्या खळग्याचं किलोवर मोल होत नाही.

शनिवारी भंगारवाला आला. बोल्ट काढायच्या आधी 'जरा बघू' म्हणून तो बसला. एवढं पुरे होतं. मी त्याला मागे घेतलं. मास्तरांनी त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि गालाला साबण लावला. थोड्या वेळाने तो घोरत होता. उठल्यावर त्याने गालावरून हात फिरवला, गाडीतला वजनकाटा गाडीतच ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, ही मी नेत नाही. हिच्यावर मला पुढच्या शनिवारी यायचंय."

लेक दारात उभी राहून बघत होती. "ठरलं," ती म्हणाली. "शाळेला सुट्टी लागतेय. बाबांना आणि खुर्चीला मी रस्त्याने नेते."

"देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत?" भाऊ म्हणाला. "ताई, वेड लागलंय का तुला?"

"वर्षभर बसमध्ये साठ पोरं घेऊन फिरते. त्यांच्यापुढे खुर्ची म्हणजे संत आहे."

आणि मग तयारी सुरू झाली. लॉन्ड्रीवाल्याचा टेम्पो मागून आणला. त्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत 'डाग दाखवा, विसरून जा' असं लिहिलेलं होतं. लेकीने देशाचा भलामोठा नकाशा आणून माझ्या मागच्या भिंतीवर चिकटवला, म्हणजे काम करता करता बाबांना आरशात तो दिसेल आणि रस्ता पाठ होईल. मास्तरांचं सगळं जग आरशात होतं. घड्याळ मागच्या भिंतीवर, कॅलेंडर मागच्या भिंतीवर. काचेवरची दुकानाची पाटी तर ते आतूनच वाचत आले होते. उलटी अक्षरं त्यांना सुलट्यापेक्षा सोपी जायची.

आता माझ्यावर जो बसे तो प्रवासतज्ज्ञ होऊन उठे. शिंपीकाका आयुष्यात तीनदा गावाबाहेर गेले होते आणि तिन्ही वेळा त्यांचं पोट बिघडलं होतं. त्यांनी ती तिन्ही गावं टाळायला सांगितली. एक गृहस्थ म्हणाले, घाटातून जा, निसर्ग फार सुंदर आहे. दुसरे म्हणाले, घाटातून जाऊ नका, निसर्ग अंगावर येतो. एक तरुण मुलगा म्हणाला, "काका, एवढं पाठ कशाला करता? फोन सांगतो ना रस्ता."

"फोनला माझ्या भावाचं घर माहीत आहे?"

"असेल की."

"मग त्याला सांग, जाऊन दादाला म्हणावं, माझा फोन उचल."

त्या तरुणाने फोन खिशात घातला. शिवाय लेकीचा नियम होता, गाडी चालवताना फोन बंद. सुट्टीतसुद्धा. आणि मास्तरांना रस्ता खरोखर तोंडपाठ झाला होता. दाढी करता करता ते पुटपुटत राहायचे: मोठा पूल, पुलानंतर डावीकडे, डोंगर उजव्या हाताला, नदी ओलांडली की उजवीकडे. मीही ऐकून ऐकून पाठ केलं. मी तर रात्रंदिवस त्याच नकाशासमोर होते. म्हणजे त्याच्या आरशातल्या रूपासमोर.

लेकीने फोन करून तिकडच्या वहिनीकडून, म्हणजे थोरल्यांच्या सुनेकडून, लिफ्टचं मापही घेतलं. थोरले दुसऱ्या मजल्यावर राहत होते. माझी मानेची उशी काढली तर मी लिफ्टमध्ये बरोबर मावत होते. "बघा बाबा," ती म्हणाली, "थेट काकांच्या पलंगाशेजारी नेऊन ठेवू."

मास्तर "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

निघालो. मला टेम्पोच्या मागच्या भागात तोंड मागे करून बांधलं आणि वर ताडपत्री टाकली. आयुष्यात पहिल्यांदा मी आरसा सोडून काहीतरी बघत होते. रस्ता! तो सारखा माझ्यापासून दूर पळत होता. खड्डा आला की दांडी आपोआप दाबली जायची आणि मी वर चढायचे. मग तेल झिरपून खाली यायचे. मागून येणाऱ्या गाड्यांना वाटत असणार, ताडपत्रीखाली कुणीतरी खोल श्वास घेतंय.

पूल आला.

"डावीकडे घे," मास्तर म्हणाले.

"बाबा, पाटी उजवीकडे दाखवतेय."

"पाटीवाल्याचं चुकलं असेल. मी स्वतः पाठ केलंय."

लेक डावीकडे वळली. बसमध्ये बसलेल्यांनी ड्रायव्हरशी वाद घालू नये, असा तिचा नियम आहे. पण बसलेले आपले वडील असले तर काय करायचं, यावर त्या नियमात काही नव्हतं. मध्येच मास्तर म्हणाले, "डोंगर उजव्या हाताला यायला हवेत. डाव्या हाताला कसे आले?" मला त्यात काही वावगं दिसेना. मी तशीही उलटी बसले होते.

दुपार कलली तेव्हा आम्ही अशा एका शहरात पोचलो ज्याचं नावही मास्तरांच्या पाठांतरात नव्हतं. लेकीने गाडी बाजूला घेतली, नकाशा बॉनेटवर पसरला. मास्तर चष्मा पुसून वाकून बघायला लागले. बराच वेळ बघितलं. मग मान हलवत म्हणाले, "हा कुणी उलटा छापलाय?"

 लेकीने नकाशा उचलला आणि टेम्पोच्या बाजूच्या आरशासमोर धरला.

"हां!" मास्तरांचा चेहरा उजळला. "हा आपला!"

लेक रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं. मग तिने फोन चालू केला आणि तो लगेच वाजला. भाऊ होता.

"कुठे आहात?" तिने शहराचं नाव सांगितलं. "तिथे? तिथे कशाला गेलात? ...थांब, थांब. अगं, तिथे विमानतळ आहे! संध्याकाळचं विमान आहे, मी जागा मिळवून देतो. खुर्ची तिथेच सोडा आणि बाबांना बसव. आत्ताच वहिनीचा फोन होता. डॉक्टर आज येऊन गेले. म्हणाले, आणखी एक आठवडा पलंगावर काढला तर काका पुन्हा उभे राहणार नाहीत. आता तरी ऐका. बाबा आज रात्री तिथे असतील!"

मास्तरांनी सगळं ऐकलं. ते मागे आले, टेम्पोत चढले आणि माझ्यावर बसले. मी हळूहळू खाली यायला लागले. मला खाली यायचं नव्हतं, पण ते माझ्या हातात नाही. वरून एक विमान गेलं. रस्त्याच्या पलीकडे भंगाराचं एक दुकान होतं. मी ते बघत होते. तेही मला बघत होतं. मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर मी विनवणी केली नसती. मी एवढंच म्हटलं असतं: मास्तर, तुमचे हात विमानाने जातील, पण थोरल्यांची मान ठेवायची जागा इथे रस्त्यावर राहील. मग बघा बुवा.

मास्तर खालपर्यंत आले. गुडघे हनुवटीला लागले. मग त्यांनी पाय लांब करून दांडीवर मारला. एकदा, दोनदा, तीनदा. मी वर आले.

"त्याला सांग," ते लेकीला म्हणाले, "दादाने खुर्चीला बोलावलंय, मला नाही. मी तिच्यासोबत चाललोय."

"बाबा, डॉक्टर म्हणतात..."

"ऐकलं मी. नुसते माझे हात गेले तर दादा पलंगावरूनच म्हणेल, राहू दे. उठणार नाही तो. चल, गाडी काढ."

लेकीने नकाशाची घडी केली. "ठीक आहे. पण यापुढे तुम्ही डावीकडे म्हणालात की मी उजवीकडे वळणार. उजवीकडे म्हणालात की डावीकडे."

"म्हणजे माझं चुकलं म्हणतेस?"

"नाही बाबा. देशाचं चुकलंय."

"मग हरकत नाही," मास्तर म्हणाले.

आणि असं उलट बोलत, सुलट वळत आम्ही अख्खा देश पार केला. पुढे एकदाही चुकलो नाही. वाटेत चहाला थांबलो की लोक खुर्ची बघायचे, मग मास्तरांची दाढी बघायचे, आणि "बिचाऱ्याला कापणारं कुणी मिळालं नाही म्हणून खुर्ची घेऊन शोधत निघालाय" असं आपसात म्हणायचे. ते तसं खरंच होतं.

पोचलो तेव्हा सकाळ होती. थोरल्यांची इमारत चार मजली, समोर फरसबंद अंगण, फाटकाशी एक पहारेकरी. सूनबाई धावत खाली आली. लेकीने लगेच पाना काढून माझी उशी सोडवायला घेतली.

"राहू दे ते," मास्तर म्हणाले. "खुर्ची इथेच उतरव. अंगणात."

"बाबा, लिफ्टमध्ये मावते ती! माप घेतलंय!"

"माहीत आहे."

मला अंगणात उतरवलं. मास्तरांनी मला फडक्याने पुसलं, टॉवेल झटकला, पिशवीतून कात्री काढली आणि हवेतच चालवली. कच्‌कच्‌, कच्‌कच्‌. दुसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला. खिडकीत आधी दाढी आली, मग तिच्या मागे थोरले मास्तर.

"छोट्या! आलास होय! वर आण ती."

"खुर्ची वर येत नसते, दादा. गिऱ्हाईक खुर्चीकडे येतं."

"लिफ्ट आहे इथे!"

"मग बस तिच्यात."

"मला चालवत नाही रे!"

"बरं. मग मी दुसरं गिऱ्हाईक घेतो." आणि मास्तरांनी पहारेकऱ्याला खुणेने बोलावलं, माझ्यावर बसवलं, टॉवेल गुंडाळला. मग मी कधीही न पाहिलेली गोष्ट घडली. धाकट्या मास्तरांनी कंगवा वाकडा धरला, कात्री चिमट्यासारखी पकडली आणि त्या माणसाच्या कानावरचे केस मुद्दाम वेडेवाकडे कापायला सुरुवात केली. मला लाज वाटली. मी त्याला जरा खालीच घेतलं.

"अरे, काय करतोयस!" वरून आवाज आला. "कंगवा सरळ धर!"

"काय? ऐकू येत नाही!"

"कानावर एवढं घेतात का! थांब! मशीन लागलंय का तुझ्या हाताला? हात लावू नकोस आता!"

खिडकी रिकामी झाली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सूनबाई आत धावली. मग जिन्यातून आवाज यायला लागला. लिफ्ट कुणीतरी वर नेऊन ठेवली होती आणि तिची वाट बघायला थोरल्यांना वेळ नव्हता. "मागून वर काप, मागून वर!" हे पहिल्या मजल्यावरून आलं. "त्या माणसाने काय पाप केलंय!" हे शेवटच्या वळणावरून. पहारेकरी घाबरून उठू बघत होता. मास्तरांनी त्याला खांद्याला धरून बसवून ठेवलं होतं. मास्तर कात्रीकडे बघत नव्हते. ते जिन्याच्या दाराकडे बघत होते.

थोरले दारात आले. एक हात भिंतीवर, एक सुनेच्या खांद्यावर. दाढी पोटापर्यंत. पाय लटपटत होते, पण जमिनीवर होते.

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघत राहिले.

"कोण रे तू?" थोरले म्हणाले.

"तू कोण?" धाकटे म्हणाले.

पहारेकरी निसटला. थोरले माझ्यावर बसले. मित्रांनो, मान खळग्यात बसली. बाकी मी काही सांगत नाही. मी हळूहळू खाली आले, धाकट्यांनी दांडीवर पाय मारला, मी वर गेले. दोघे हसले. केस पडायला लागले.

"दादा, मागे पातळ झालंय बरं का."

"तू मागचं बघू नकोस. काप."

सूनबाई फरशीवर बसून पदराने डोळे टिपत होती. लेक टेम्पोला टेकून उभी होती आणि आकाशाकडे बघत होती. तिथे काहीच नव्हतं. एक विमानसुद्धा नाही.

झाल्यावर थोरले उठले. कुणाचा हात न धरता उठले. त्यांनी टॉवेल झटकला आणि म्हणाले, "आता तू बस."

धाकटे माझ्यावर थोरल्यांच्या हातून केस कापून घ्यायला कधीच बसले नव्हते. ती जागा माझ्या बहिणीची. त्या सकाळी मी तिचंही काम केलं आणि ते नीट केलं. थोरल्यांचा हात सावकाश चालत होता. समोरचं झालं, मग डावी बाजू, मग मागचं, मग उजवी. खुर्चीवर बसून कुणाचे केस कापता येत नाहीत. उभं राहावं लागतं, आणि खुर्चीभोवती फिरावंही लागतं. थोरले फिरत होते. डॉक्टर ज्याला चालणं म्हणतात ते त्यांनी केलं नाही. ते फक्त काम करत होते.

शेवटी ते पहारेकऱ्याकडे वळले. "इकडे या. याने केलेलं निस्तरू द्या मला."

आता मी इथेच असते, या इमारतीच्या जिन्याखाली, फाटकाजवळ. धाकटे मास्तर इथेच राहिले. दुकान तिकडे रिकामं केलं, टेम्पो लेकीने एकटीने परत नेला आणि नकाशाला आरसा न लावता नेला. थोरले रोज सकाळी दोन जिने उतरून खाली येतात. लिफ्ट चालू असते. मला वर न्यायचं कुणी म्हटलं की ते स्वतःच ओरडतात, "खुर्ची वर येत नसते!"

परवा मुलगा येऊन गेला, विमानाने. मान धरून आला, म्हणे सीट नीट रेलत नव्हती. माझ्यावर बसला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. माझं वजन त्याने विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी, अवजड, कुठल्याच पिशवीत न मावणारी वस्तू असेल. तिला तेल द्या. तिच्यावर बसा. तिची खोड मोडू नका. आणि लांबच्या वाटेला निघालात की 'हिला कुठे न्यायचं' असं म्हणून तिला मागे टाकण्याआधी एकदा विचारा, की पलीकडे कुणी वाट बघतंय ते तुमची, की तिची.

माझ्या बाजूने सगळं स्पष्ट आहे. मी भंगारात जाणार नाही. मी विमानात बसणार नाही. आणि तुमचे केस वाढले असतील तर मला वर बोलावू नका.

खाली या.